पुढे काय झालं?

यंदा गावाला जायला जून उजाडला. मे महिना अप्रेझल आणि प्रेझेंटेशन्सनी खाल्ला, तो कसा ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. शेवटी एका शनिवारी पहाटे गाडी काढली, दापोलीत मिसळ चापली आणि दाभोळच्या जेट्टीवर गाडी फेरीबोटीत चढवली. २००३ पासून ही फेरी आहे म्हणून बरं. नाहीतर खाडीला वळसा घालून चिपळूणमार्गे जायचं म्हणजे कंबरेचा भुगा. पलीकडे धोपावे, आणि तिथून थोडं पुढे आमचं अंजनवेल. एका बाजूला गोपाळगड, दीपगृह आणि टाळकेश्वर, दुसऱ्या बाजूला वीज प्रकल्पाच्या चिमण्या. ती कंपनी २००१ साली दिवाळखोरीत गेली, प्रकल्पाचं नावही बदललं, पण गावात विचाराल तर अजून ‘एन्रॉन’च.

सुट्टीचा प्लॅन एकदम सोपा होता. पडवीत लोळायचं, झाडावरचे शेवटचे आंबे संपवायचे आणि मोबाइल बंद ठेवायचा. पण घरात पाऊल टाकलं तर वातावरण तंग! दादा विहिरीच्या पंपाशी उगाचच खुडबुड करत होता. वहिनी स्वयंपाकघरात डबे आपटत होती. आणि माझी भाची ओटीवर लॅपटॉप उघडून, गाल फुगवून बसली होती.

“काय गं, काय झालं?”

“आत्या, एनडीएचा फॉर्म भरायचाय. ओटीपी बाबांच्या मोबाइलवर येतो. आणि बाबांचा मोबाइल आईने डब्यात घालून ठेवलाय.”

कुठल्या डब्यात? तर तांदळाच्या!

पोरगी सतरा वर्षांची. रोज पहाटे उठून दीपगृहापर्यंत धावते, गणितात नव्वदच्या खाली येत नाही. खडकवासल्याच्या एनडीएचं दार मुलींसाठी उघडलं ते सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२१ च्या आदेशामुळे. २०२२ मध्ये १९ मुलींची पहिली तुकडी आत गेली आणि ३० मे २०२५ ला त्यातल्या १७ जणी पदवी घेऊन संचलन करत बाहेर पडल्या. त्या संचलनाचा व्हिडिओ भाचीने किती वेळा पाहिलाय, याची मोजदाद नाही.

मी वहिनीची समजूत घालायला आत गेले. तिने गॅस बंद केला, हात पुसले आणि स्वतःचा मोबाइल माझ्यासमोर धरला. त्यात बातम्यांचे स्क्रीनशॉट होते. एक नाही, दहा-बारा. वर्षानुवर्षं जपलेले. लष्करात, हवाई दलात, छावणीत, प्रशिक्षण केंद्रात, कुठे स्त्री अधिकाऱ्यावर, कुठे कामाला असलेल्या बाईवर झालेल्या अत्याचाराच्या बातम्या. ‘वर्दीला काळिमा’. ‘गणवेशावर डाग’. खाली तेच ते चित्र : गुडघ्यांत तोंड खुपसून बसलेली एक काळी सावली, मागे लाल रंग.

“तू पेपरात होतीस ना? मग मला एवढंच सांग,” वहिनी म्हणाली. “ह्या बायकांचं पुढे काय झालं? प्रत्येक बातमीच्या शेवटी लिहिलंय, चौकशीचे आदेश दिले. बरं, दिले. मग? पुढे काय झालं ते सांग, आणि मग काढते मोबाइल तांदळातून.”

मंडळी, मी गप्प. कारण ‘पुढे’ची बातमी करायची असते, हे मला त्या काळात कुणी शिकवलंच नव्हतं. आणि मी स्वतःहूनही शिकले नव्हते.

थोडं मागे जाऊ. २००५ साली मी एका दैनिकात शिकाऊ उपसंपादक होते. जीन्स, झोळी, कटिंग चहा आणि जग बदलायचा फुल्ल आत्मविश्वास! तेव्हा बेंगळुरूहून एक बातमी आली. हवाई दलातल्या एका तरुण फ्लाइंग ऑफिसरने वरिष्ठांवर लैंगिक छळाचा आरोप केला होता. तिच्या तक्रारीत तथ्य नाही, अशी हवाई दलाची भूमिका होती. उलट शिस्तभंग आणि इतर काही आरोपांवरून तिच्यावरच कोर्ट मार्शल चाललं. हवाई दलात कोर्ट मार्शलला सामोरी गेलेली ती पहिली स्त्री अधिकारी. वर्ष संपता संपता ती बडतर्फ झाली.

तिचं नाव तेव्हा सगळ्यांनी छापलं, फोटोसकट. मी इथे मुद्दाम लिहीत नाहीये. उशिरा का होईना...

बातमीला मी हेडिंग दिलं होतं : ‘हवाई दलात देखणं वादळ’. वृत्तसंपादकांनी पाठ थोपटली. युनिफॉर्ममधला तिचा फोटो आम्ही चार कॉलम लावला. तिने नेमकी काय तक्रार केली, कुणाकडे केली, ती कुणी ऐकली, चौकशी करणारे आणि ज्यांच्याविरुद्ध तक्रार ते एकाच साखळीतले होते का, यातला एकही प्रश्न मला पडला नाही. मला प्रश्न पडला होता तो हेडिंग दोन ओळींत बसेल का, हा!

सप्टेंबर २०११ मध्ये भोपाळमध्ये तिने आत्महत्या केल्याची बातमी आली. तोपर्यंत मी सिनिअर झाले होते. त्या दिवशी पानावर जागा कमी होती. मी ती बातमी दोन परिच्छेदांवर आणली आणि घरी गेले. २००५ चं माझं हेडिंग मला दोन दिवसांनी आठवलं. बस थांब्यावर, अचानक. तेव्हापासून ते अधूनमधून आठवतं.

वहिनीचे स्क्रीनशॉट पाहताना पुन्हा आठवलं, आणि मग त्या सगळ्या बातम्या मी उपसंपादकाच्या नजरेने वाचून काढल्या. त्यांचा एक ठरलेला साचा आहे. आम्हीच पाडलेला.

पहिली गोष्ट : हेडिंगमध्ये जखम होते ती वर्दीला. डाग वर्दीवर, काळिमा वर्दीला, मान खाली देशाची. जिच्या अंगावर हात पडला ती बाई तिसऱ्या परिच्छेदात ‘पीडिता’ म्हणून येते. म्हणजे गुन्हा घडला एका माणसावर आणि अब्रू गेली कापडाची! बघा ना, बँकेत असं काही घडलं तर आपण ‘पासबुकाला काळिमा’ म्हणतो का? ऑफिस ते ऑफिस. सैन्य हीसुद्धा एक नोकरीची जागा आहे, तिथे बॉस असतो, बढती असते, गोपनीय अहवाल असतो. पण एकदा का वर्दीच्या इज्जतीचा मामला झाला, की तक्रार करणारी बाई आपोआप इज्जत घालवणारी ठरते.

दुसरी गोष्ट : दोन दिवसांत चर्चेचा विषय बदलतो. २००६ मध्ये उधमपूरला एका तरुण स्त्री लेफ्टनंटने आत्महत्या केली. त्यानंतर लष्कराचे तेव्हाचे उपप्रमुख लेफ्टनंट जनरल एस. पट्टाभिरामन युनिटच्या पातळीवर स्त्री अधिकारी नसल्या तरी चालेल, अशा अर्थाचं बोलले. गदारोळ झाला, त्यांनी दिलगिरीही व्यक्त केली. पण चॅनेलवाल्यांना तोपर्यंत विषय मिळाला होता : मुलींनी सैन्यात जावं का? ती पोरगी का गेली, हा प्रश्न बाजूला. अत्याचाराच्या बातम्यांचंही तेच होतं. तक्रार एकीची, आणि परीक्षा सगळ्या मुलींची.

तिसरी गोष्ट जास्त अवघड आहे. दुसऱ्या देशाच्या सैनिकाने केलं तर आम्ही पान भरून छापतो. २००४ च्या उन्हाळ्यात इराकमधल्या अबू घरेब तुरुंगातले अमेरिकी सैनिकांचे फोटो जगभर छापून आले. कैद्यांना विवस्त्र करून त्यांची विटंबना करणारे. अग्रलेख, चर्चा, सगळं झालं. त्याच वर्षी जुलैमध्ये मणिपुरात आसाम रायफल्सच्या जवानांनी थांगजम मनोरमा हिला रात्री घरातून नेलं आणि दुसऱ्या दिवशी तिचा गोळ्या लागलेला देह सापडला. बलात्काराचा आरोप झाला. १५ जुलैला इंफाळच्या कांगला किल्ल्यासमोर बारा बायकांनी कपडे उतरवून निषेध केला. आया, आज्या होत्या त्या. फोटो आमच्याकडेही आला होता. टेबलाभोवती पंधरा मिनिटं चर्चा झाली. कशावर? तर फोटो छापण्याजोगा आहे की नाही, यावर! मनोरमाचं काय झालं, यावर नाही.

आणि याहून जुनं उदाहरण तर खुद्द पत्रकारांच्या संस्थेचं आहे. फेब्रुवारी १९९१ मध्ये काश्मीरच्या कुपवाडा जिल्ह्यातल्या कुनान आणि पोशपोरा या गावांतल्या बायकांनी जवानांवर सामूहिक बलात्काराचा आरोप केला. लष्कराच्या विनंतीवरून प्रेस कौन्सिलने पाहणीसाठी पथक पाठवलं. ज्येष्ठ संपादक बी. जी. व्हर्गीस त्यात होते. पथकाने हे आरोप म्हणजे रचलेलं कुभांड आहे, असा निष्कर्ष काढला. २०१३ मध्ये कुपवाड्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी पुन्हा तपासाचा आदेश दिला, आणि काश्मिरातल्या तरुण मुलींनी त्यावर २०१६ मध्ये पुस्तक लिहिलं. मला इथे निकाल द्यायचा नाही. पण आरोप ज्यांच्यावर, त्यांच्याच विनंतीवरून पत्रकारांनी जाऊन ‘काही झालं नाही’ म्हणून यायचं, ही पद्धत मला आता तरी पटत नाही. बातमी करणं वेगळं आणि दाखला देणं वेगळं.

हे सगळं वहिनीला सांगावं तरी कसं? ती म्हणणार, बघ, मी म्हणत नव्हते?

दुपारी जेवणं झाली. आम्ही पडवीत आडवे झालो तेवढ्यात बाहेरून हाक आली. वेळदूरची मावशी! डोक्यावर टोपली, टोपलीत सोडे, जवळा, बोंबील. आगोटीची खरेदी चालू होती ना. एक जूनपासून समुद्रातली मासेमारी बंद, पावसाळ्यात सुक्यावर भागवायचं. मावशी माझ्या लहानपणापासून आमच्याकडे येते. वहिनीने सोडे निवडता निवडता तिलाच मध्ये ओढलं.

“मावशी, तुम्हीच सांगा. पोरीला मिलिटरीत जायचंय. पाठवावं?”

मावशीने भाचीला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, “जाऊ दे की. गणवेश घातलेल्यांत आमच्यातली एखादी तरी नको?”

मग टोपली सारखी करत, आमच्याकडे न बघता म्हणाली, “उद्या तीन जून.”

वहिनीचा हात सोड्यांवरच थांबला. आमच्या भागात ही तारीख कुणाला समजावून द्यावी लागत नाही. तुम्हाला सांगते.

३ जून १९९७. एन्रॉनविरोधी आंदोलन भरात होतं. पहाटे पाचच्या सुमारास पोलीस आणि राज्य राखीव दलाचे जवान वेळदूर या मच्छिमारांच्या गावात शिरले. पुरुष मासेमारीला गेलेले. घरांची दारं तोडून बायकांना लाठ्यांनी मारत रस्त्यावर ओढलं गेलं. गावातल्या एका गर्भवती बाईची जबानी नोंदलेली आहे : ती न्हाणीघरात अंघोळ करत होती, जरा थांबा म्हणाली, तरी दार तोडून तिला बाहेर ओढलं, पाठीवर लाठ्या मारत गाडीपर्यंत नेलं, आणि तिला बिलगलेल्या दीड वर्षाच्या लेकीला लाथ मारून बाजूला केलं. हे मी ऐकीव सांगत नाहीये. अॅम्नेस्टी इंटरनॅशनलने १९९७ च्या जुलैमध्ये या दडपशाहीवर अहवाल काढला आणि ह्यूमन राइट्स वॉचने जानेवारी १९९९ मध्ये सविस्तर पुस्तकच छापलं.

ते लष्कर नव्हतं, पोलीस होते, हे मला मान्य. आणि या जबानीत ‘बलात्कार’ हा शब्द नाही, हेही मान्य. पण अंघोळ करणाऱ्या बाईच्या न्हाणीघराचं दार तोडणारा हात आणि त्या हातावरची सरकारी बाही, हे दोन्ही आमच्या शेजारच्या गावाने पाहिलंय.

“तवा कोण म्हणालं मोर्चा, कोण म्हणालं जमाव,” मावशी म्हणाली. “आमी घरात निजलेलो. जमाव कसला? इचारायला कुणी आलाच नाय पैल्यांदा. आले ते मागाहून, भायरचे. लिवून घेतलानी. तवा कुठं जगाला कळलं.”

डेस्कवर काम केलेल्या माणसाला यातलं ‘पैल्यांदा’ बरोबर कळतं. रात्री फोन येतो, पोलिसांचं प्रसिद्धीपत्रक येतं, आणि ‘पोलिसांनी सांगितले की’ने वाक्य सुरू होतं. लष्कराच्या बाबतीत तर आणखीच सोपं. छावणीच्या फाटकाच्या आत वार्ताहर जाऊ शकत नाही, म्हणून जनसंपर्क अधिकाऱ्याचं वाक्य हीच बातमी. आरोप करणारी आत, आरोपी आत, कागद आत. बाहेर येतं ते एक वाक्य : चौकशीचे आदेश दिले आहेत.

मावशी गेली. आणि मी लॅपटॉप भाचीकडून ओढून घेतला. ठरवलं, वहिनीच्या ‘पुढे काय’चं उत्तर शोधायचं. बातम्यांत नसलं तर कायद्यात. वकील मैत्रिणीला फोन लावला. रविवार खराब केल्याबद्दल तिने मला आधी चार शब्द ऐकवले, मग समजावून सांगितलं. तेच तुम्हालाही सांगते, कारण मी इतकी वर्षं पेपरात काढून मला हे माहीत नव्हतं.

बातमीत ‘कोर्ट ऑफ इन्क्वायरी’ असं छापून येतं, ते कोर्ट नसतंच! ती फक्त माहिती गोळा करणारी खात्यांतर्गत चौकशी. ती कुणाला शिक्षा देत नाही. शिक्षा देऊ शकतं ते कोर्ट मार्शल किंवा आपलं नेहमीचं फौजदारी न्यायालय. यातलं कुठलं, हे ठरतं तक्रार करणारी कोण आहे यावरून. लष्करी कायदा १९५० च्या कलम ७० नुसार लष्करातल्या माणसाने लष्करी कायद्याखाली न येणाऱ्या व्यक्तीवर, म्हणजे साध्या नागरिकावर बलात्कार केला, तर त्याचा खटला एरवी कोर्ट मार्शलपुढे चालवता येत नाही. तो आपल्या न्यायालयातच. अपवाद तीन : तो सक्रिय सेवेत असेल, देशाबाहेर असेल, किंवा सरकारने ठरवलेल्या सीमेवरच्या चौकीवर असेल. आणि तक्रार करणारी स्वतः सैन्यातली असेल, तर मात्र प्रकरण कोर्ट मार्शलकडे जाऊ शकतं.

आता वहिनीच्या मोबाइलमधल्या दोन बातम्या घ्या. ऑक्टोबर २०१८, पुणे. लष्कराच्या आस्थापनेत कामाला असलेल्या, ऐकू-बोलू न शकणाऱ्या एका नागरी कर्मचारी स्त्रीने चार जवानांवर बलात्काराचा आरोप केला. तिच्या खुणांची भाषा कळणारं माणूस सोबत मिळालं, तेव्हा खडकी पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. सप्टेंबर २०२१, कोईमतूर. हवाई दलाच्या महाविद्यालयात प्रशिक्षणासाठी आलेल्या स्त्री अधिकाऱ्याने सहकारी फ्लाइट लेफ्टनंटवर बलात्काराचा आरोप केला. पोलिसांनी त्याला अटक केली, पण न्यायालयाने त्याला कोर्ट मार्शलसाठी हवाई दलाच्या ताब्यात दिलं. एकीचा गुन्हा पोलिसांकडे, दुसरीचा पोलिसांकडून काढून हवाई दलाकडे. दोन्हींत आरोपी गणवेशातलेच, मग असं का? तर वरचं कलम. ते एका चौकटीत दहा ओळींत बसतं. पण वहिनीच्या दहा-बारा स्क्रीनशॉटमध्ये ती चौकट कुठेही नव्हती. कोईमतूरच्या बातमीत होतं ते ‘टू फिंगर टेस्ट’ झाली की नाही याचं वर्णन. तक्रारदार म्हणाली झाली, हवाई दलप्रमुख म्हणाले नाही. ही चाचणी चुकीची आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितलंय, त्यामुळे तो प्रश्न महत्त्वाचा होताच. पण हेडिंग त्या दोन शब्दांभोवती खेळत होतं.

पुण्याच्या बातमीत नाव नव्हतं, कारण कायद्याने ते छापता येत नाही. तो नियम १९८३ चा, आणि त्याच्या मुळाशी आपल्याच महाराष्ट्रातलं प्रकरण आहे. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याचा खटला. ‘मथुरा प्रकरण’ म्हणून तो देशभर गाजला. सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडल्यावर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना जाहीर पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर उतरल्या आणि कायदा बदलला. आता भारतीय न्याय संहितेतही तो नियम आहे. पण नाव गाळलं म्हणजे झालं? पुण्याच्या बातम्यांत वय होतं, नोकरीची जागा होती, घरची परिस्थिती होती. जिथे ती रोज कामाला जायची, तिथे नावाची गरज कुणाला होती?

२०१३ मध्ये न्यायमूर्ती वर्मा समितीने सांगितलं होतं, सशस्त्र दलांतल्या माणसाने केलेला लैंगिक गुन्हा साध्या फौजदारी कायद्याखाली चालवा, अफ्स्पामधली सरकारच्या पूर्वपरवानगीची अट अशा गुन्ह्यांना लावू नका. तैनातीच्या भागात जवानाने केलेला बलात्कार त्या वर्षीच्या दुरुस्तीने जास्त गंभीर गुन्हा ठरला. अफ्स्पातली परवानगीची अट मात्र राहिली. निम्मं मिळालं, निम्मं राहिलं. वहिनीच्या भाषेत : पुढे एवढं झालं.

तुम्ही म्हणाल, बातमीने काय होतं एवढं? होतं. कॅनडातल्या ‘मॅक्लीन्स’ या साप्ताहिकाने मे १९९८ मध्ये आपल्या सैन्यातल्या बलात्कारांवर कव्हर स्टोरी केली. हेडिंग साधं होतं, सैन्यातले बलात्कार. सैन्याची अब्रू वगैरे काही नाही. बायका स्वतःच्या तोंडाने बोलल्या होत्या. ते वाचून आणखी बायका पुढे आल्या. सरकारने बदलाचं आश्वासन दिलं. २०१४ मध्ये त्याच साप्ताहिकाने पुन्हा जाऊन पाहिलं, सोबत ‘लाक्तुआलिते’ हे फ्रेंच नियतकालिक. परिस्थिती फारशी बदलली नव्हती. मग माजी न्यायमूर्ती मारी देशां यांची नेमणूक झाली आणि २०१५ च्या अहवालात त्यांनी सैन्याच्या वातावरणावरच बोट ठेवलं. सोळा वर्षांनी परत जाऊन विचारणं, पुढे काय झालं? ही खरी पत्रकारिता. आम्ही सोळा दिवसांनीही जात नाही.

संध्याकाळी काका आले. नेव्हीत वीस वर्षं काढलेला माणूस, अजूनही चहा बरोबर साडेपाचला लागतो. वहिनीने आशेने त्यांच्याकडे पाहिलं, कारण पेपरात सैन्याबद्दल काही वावगं आलं की सगळ्यात आधी चिडतात ते काकाच.

चिडलेच! “ह्या बातम्या वाचून लोक आम्हाला काय समजतात? हजारो माणसं नेकीने नोकरी करतात.”

“म्हणून छापूच नये का काका?”

काकांनी बशीत चहा ओतला. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “जहाजाच्या बुडाला भोक पडलं तर पहिल्यांदा बघणारा बोंब मारतो. जहाजाची बदनामी होईल म्हणून गप्प बसला, तर सगळेच जातात तळाला. छापा. पण नीट छापा. भोक कुठे आहे ते छापा. जहाज किती सुंदर होतं आणि आता कसं बुडणार, एवढंच लिहिता तुम्ही.”

भाची खुदकन हसली. वहिनी नाही हसली.

“आणि माझ्या पोरीलाच काही झालं तर?” ती म्हणाली. आवाज एकदम बारीक.

यावर काकांकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. ‘काही होणार नाही’ असं म्हणणं खोटं झालं असतं. भाचीच बोलली.

“आई, मला तक्रार कुठे करायची ते माहीत असेल. कोर्ट ऑफ इन्क्वायरी म्हणजे कोर्ट नाही हे माहीत असेल. घरी पहिला फोन तुला करीन. आणि तू मला ‘गप्प बस’ म्हणू नकोस. तेवढं कबूल कर, बास.”

मंडळी, माझ्या वीस वर्षांच्या पत्रकारितेत इतकी नेमकी मागणी मी कुणाच्या तोंडून ऐकलेली नाही. वहिनीच्या स्क्रीनशॉट्सनी तिला भीती दिली होती, पण माहिती दिली नव्हती. अशी बातमी गुन्हेगाराला बाहेर काढत नाही, मुलींना मात्र घरात ठेवते. माझं ‘देखणं वादळ’ वाचूनही २००५ मध्ये कुठल्यातरी वहिनीने कुठल्यातरी पोरीचा फॉर्म फाडला असेल का? हा विचार मला त्या रात्री झोपू देणार नव्हता, आणि दिलं नाहीच.

तर डेस्कवर बसलेल्या माझ्या तरुण मित्रमैत्रिणींनो, तुमच्यापैकी बरेच जण हे पान वाचता हे मला माहितेय. एवढंच करा. हेडिंगमधून वर्दीची अब्रू काढा. ती काळी सावली आणि लाल रंग डिलीट करा. नावाबरोबर ओळख पटवणारे बाकीचे तपशीलही गाळा. कुठलं न्यायालय, कुठला कायदा, ते दहा ओळींत सांगा. आणि कॅलेंडरवर सहा महिन्यांनंतरच्या तारखेवर एक खूण करून ठेवा : पुढे काय झालं?

अंधार पडला. एन्रॉनचे दिवे लागले. वहिनी उठली, स्वयंपाकघरात गेली. डब्याचं झाकण वाजलं. ती बाहेर आली तेव्हा मोबाइलच्या कव्हरला तांदळाचे दोन दाणे चिकटलेले होते.

“भर फॉर्म,” म्हणाली.

ओटीपी यायला रेंज नाही. दादा मोबाइल हातात उंच धरून अंगणभर फिरला, शेवटी विहिरीच्या कठड्याजवळ दोन दांड्या आल्या. पहिला ओटीपी आला तोवर वेळ संपली होती. ‘रीसेंड’ केला. दुसरा आला. दादा चष्मा शोधायला लागला, तेव्हा वहिनीने मोबाइल त्याच्या हातातून घेतला आणि एकेक आकडा स्वतः मोठ्याने वाचून दाखवला.

सबमिट झाल्यावर ती माझ्याकडे वळली. “आणि तू. ते पुण्याचं, कोईमतूरचं. तेवढं विचारत राहा. मला दर सहा महिन्यांनी सांगायचं.”

मुंबईत परत आल्यावर पहिलं काम केलं. डिसेंबरच्या पहिल्या सोमवारवर खूण केलीय.